वरचा दात

बाळाने तोंड उघडावं म्हणून आमच्या बाई आधी स्वतःचं उघडायच्या. चांगला मोठा आ करून, अगदी पडजीभ दिसेल असा. समोरचं पोर रडता रडता थांबून आत डोकावायचं आणि नकळत त्याचाही आ व्हायचा. तेवढ्यात बाईंचं बोट त्याच्या हिरड्यांवरून फिरून बाहेर आलेलं असायचं. धरलेले हात-पाय सोडायचं आईला भानही नसायचं.

विरारला पश्चिमेकडे, अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीत तळमजल्याला त्यांचा दवाखाना होता. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नंबर लावणं, हत्यारं उकळणं आणि रडणाऱ्या पोरांपुढे खुळखुळा वाजवणं ही माझी कामं. "बी.कॉम. होऊन खुळखुळा वाजवते," असं माझे वडील आल्यागेल्याला सांगत. मला मात्र ते काम आवडायचं, आणि खरं सांगायचं तर बाई आवडायच्या.

बाई देशावरच्या. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की बाहेर बसलेल्या पेशंटलाही आपलं निदान आधीच कळावं. दातांच्या डॉक्टर असून मोठ्या माणसांच्या दातांत त्यांचा जीव रमत नसे. "मोठी माणसं तोंड उघडायच्या आधी खोटं बोलतात," म्हणायच्या. लहान पोर आलं की मात्र त्यांचा चेहरा पालटायचा, आणि पोराबरोबर आलेल्या आईची धडगत नसायची.

एकदा एक आई दीड-दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीचे पुढचे चारही दात काळे पडून झिजलेले. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायची सवय. बाईंनी समजावलं तर ती म्हणाली, "पण डॉक्टर, दुधाचेच दात ना? पडणारच आहेत."

"पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत. तोवर ही काय चावेल? आणि रात्री ठणकलं तर कोण उठेल, तुम्ही का मी?" बाई कडाडल्या. मग स्वतःच उठून एक मऊ फडकं पाण्यात भिजवून बोटाला गुंडाळलं, बाळाची हिरडी कशी पुसायची ते तिला दाखवलं आणि तिच्याकडून दोनदा करून घेतलं. ती आई रडवेली होऊन गेली, पण पुढच्या महिन्यात शेजारणीच्या बाळालाही घेऊन आली. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, ज्यांची बोलणी खाऊनही पुन्हा त्यांच्याच दारात जावंसं वाटतं.

आता बाई नाहीत. त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे. पण त्या रस्त्याने जाताना मला आठवतात ते एका वर्षीचे दसऱ्यानंतरचे काही दिवस.

बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातं, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. हे फक्त अडाणी माणसांचं असतं असं कोणी समजू नये. एक बँकेतले साहेब, मुंबईहून येऊन इथे नवा फ्लॅट घेतलेले, खाली मान घालून विचारायला आले होते, "मेव्हणा जरा आजारी असतो, तर तो दात काढता नाही का येणार?" बाईंनी त्यांना असं काही झापलं, की छत्री विसरून गेले. त्या गोष्टीवर आम्ही पुष्कळ हसलो.

अर्नाळ्याची म्हातारी आली तेव्हा मात्र हसू आलं नाही.

लुगडं अंगासरशी खोचलेलं, मासळीची पाटी वाहून वाहून मान ताठ झालेली अशी ती कोळीण. बरोबर बाळंतपणाला येऊन अजून माहेरीच असलेली लेक आणि लेकीच्या कडेवर सहा-सात महिन्यांचा गुटगुटीत मुलगा. म्हातारीने बाकावर बसायचंही टाळलं. सरळ आत येऊन म्हणाली, "ह्याचा वरचा दात काडून दे, डॉक्टरीनबाय."

बाईंनी आ केला, बाळाने आ केला. वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढा दात चमकत होता. खाली काहीच नव्हतं.

"छान दात आहे. काढायचा कशाला?"

"ह्याचा मामा दर्यात हाय."

एवढंच बोलून ती थांबली. पुढचं लेकीने सांगितलं. भाऊ बोटीवर गेलेला. दोन दिवसांपूर्वी वारा फिरला, तशा गावातल्या बाकीच्या बोटी परतल्या. ह्यांची आली नाही. आणि त्याच दिवशी आंघोळ घालताना आजीच्या बोटाला हा दात लागला.

बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला. "आजी, वाऱ्याला ह्याच्या दाताचं काय माहीत? हे एवढंसं बाळ. दात ओढला तर रक्त जाईल, आतला कायमचा दात दुखावेल. निरोगी दात मी काढणार नाही."

"नाय काडलास तं मी काडीन. दोरा हाय माज्याकडं."

लेकीने बाळाला घट्ट आवळलं. म्हातारी तिच्यावर ओरडली नाही, तिने फक्त हात पुढे केला. मला भीती वाटली की ही इथेच, आमच्यादेखत काहीतरी करेल.

बाई मध्ये उभ्या राहिल्या. "माझं एक ऐक. बोट येईपर्यंत रोज सकाळी ह्याला माझ्याकडे आण. मी बघेन. दोरा लावलास तर मला कळेल."

"कवा येल बोट?"

"येईल," बाई म्हणाल्या.

म्हातारी दुसऱ्या दिवशी खरंच आली. तिसऱ्या दिवशीही आली. बाकावर बसायची नाही, दाराशी उभी राहायची. बाई बाळाचं तोंड बघायच्या, दात जागेवर आहे म्हणून सुस्कारा सोडायच्या. म्हातारी बाईंचं तोंड बघायची, आज तरी मन बदलेल म्हणून. "आली?" बाई विचारत. ती मान हलवी. बाकावरच्या बायका आपापली पोरं जवळ ओढून गप्प बसत. त्या दिवसांत बाईंनी एकाही आईला बोल लावला नाही. त्यांचं ते न ओरडणंच माझ्या जिवाला घोर लावून गेलं.

एका संध्याकाळी पेशंट संपल्यावर मी झाडलोट करत होते. आत उकळत्या पाण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर बाईंनी सगळ्यात लहान चिमटा भांड्यात टाकला होता आणि भांड्याकडे बघत उभ्या होत्या.

"एवढासा दात गं," त्या म्हणाल्या. "निघाला तर ती म्हातारी आज रात्री झोपेल."

"मग काढा ना, बाई." मला खरंच वाटलं होतं, काढावा. रोज तिचा चेहरा बघवत नव्हता.

"आणि उद्याही बोट आली नाही तर? दुसरा दात वर येतोच आहे. तोही काढू? बोट आली तर त्याहून वाईट. मग अख्ख्या गावातली बाळं माझ्याकडे दात उपटायला येतील, आणि मी नाही म्हटलं तर घरोघरी दोरे निघतील."

त्यांनी बटण बंद केलं. पाणी निवेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली नाही. नेहमीची वेळ टळून गेली. बाई एका पोराचा दात तपासता तपासता दाराकडे बघत होत्या. दोनदा त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि ठेवून दिला. त्या म्हातारीकडे फोन कुठला असायला! अकराच्या सुमारास आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणारी कोळीण रिकामी पाटी घेऊन आली आणि पायरीवर बसली. तिने सांगितलं. भरकटत गेलेली बोट शेवटी उलटली होती. बाकीच्यांना दुसऱ्या बोटीने उचलून आणलं. ह्या पोराच्या मामाचा पत्ता नव्हता. तो आपल्या डोळ्यांदेखत बुडाला, असं आलेल्या माणसांनी सांगितलं.

बाईंनी हातातलं काम पुरं केलं, हात धुतले आणि बाहेर बसलेल्यांना उद्या यायला सांगितलं.

"बाई, तुम्ही जाऊ नका," मी म्हटलं. "ते लोक तुम्हाला सोडणार नाहीत. तुम्ही दात काढला नाही म्हणून..."

"बाळ कुठे असेल आत्ता?" एवढंच त्यांनी विचारलं. मी चपला घातल्या.

आम्ही रिक्षा केली. अर्नाळ्याला त्या घरापुढे माणसांची गर्दी होती. आम्ही आत शिरलो तसा रडण्याचा आवाज उतरला. कोणीतरी म्हणालं, "हीच ती. हिनंच दात ठेवला." एका बाईने वाट अडवली, मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला झाली.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. लेक तिच्या पायाशी. बाळ कोणाच्याच मांडीवर नव्हतं. आतल्या खोलीत साडीच्या झोळीत ते रडून रडून घोगरं झालं होतं. घर बायकांनी भरलेलं होतं आणि एकही त्याला उचलत नव्हती. आई म्हातारीच्या पायाशी बसून त्याचं रडणं ऐकत होती, तिच्या पोलक्यावर दुधाचा डाग पसरला होता, पण उठायची तिची छाती होत नव्हती. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्या सगळ्यांची दयाही आली.

बाई सरळ आत गेल्या. बाळाला उचललं आणि येऊन म्हातारीसमोर जमिनीवर बसल्या.

"शिव्या मला दे, आजी. ह्याला नको."

म्हातारीने हात उगारला. बाईंच्या खांद्यावर एक मूठ बसली, मग दुसरी, मग तिसरी. बाई जागच्या हलल्या नाहीत, फक्त बाळावर वाकून बसल्या. कोणीही मध्ये पडलं नाही. मीसुद्धा नाही.

मग मुठी थांबल्या. म्हातारीने बाळाची हनुवटी धरून तोंड उघडलं आणि बोट आत घातलं. बाईंनी तिचा हात धरला नाही. का धरला नाही, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. भुकेलेलं बाळ रडायचं थांबलं आणि त्या बोटाला कचकन चावलं.

म्हातारी तशीच राहिली. बोट तिने मागे घेतलं नाही.

"असाच चावायचा गो," ती म्हणाली. "माजा पोऱ्या. पाजायला घेतला का असाच." आणि इतका वेळ अडकलेलं रडणं तिच्या गळ्यातून असं बाहेर आलं, की बाहेरची माणसं दाराशी आली.

रडता रडताच तिने बाळ बाईंच्या हातातून काढून घेतलं आणि लेकीच्या मांडीवर टाकलं. "पाज त्याला. सकालपासना उपाशी हाय."

लेकीने पदर पुढे ओढला. थोड्या वेळाने बाळाच्या दूध पिण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बाई उठल्या नाहीत. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघी त्या बायकांत बसून होतो, आणि आम्हाला कोणी जा म्हटलं नाही.