लुगड्यानं मोजलेला काठ

आमच्या वस्तीला मेलेली माणसं पुरण्यासाठी जागा मिळाली ती पूर्णेच्या काठावर, नदी दरसाल जमीन खाते नेमकी तिथं. पिकाची जमीन आम्हाला कोण सोडणार? बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, भर उन्हाळ्यात माझा पहिला मुलगा गेला. अजून रांगतही नव्हता. मी तापानं पडलेली, आणि पुरायला बायकांनी जायचं नाही ही रीत तेव्हा कायमच होती. नवरा त्याला छातीशी धरून घेऊन गेला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "बाभळीपाशी ठेवला."

त्या पावसाळ्यात पूर आला. तो ओसरला तेव्हा काठाची काळी माती ढेपाढेपांनी खाली बसू लागली. मोजायचं सासूनं काढलं. धुतलेलं लुगडं दोघी दोन टोकांना धरून वाळवायचो, तेच बाभळीच्या बुंध्यापासून काठापर्यंत ताणायचं. पहिल्या खेपेला लुगडं संपलं तरी पुढं बरीच जमीन होती. मला हायसं वाटलं. हळूहळू वस्तीतल्या साऱ्याजणी मोजू लागल्या. कुणाचा नातू तिथं होता, कुणाची लेक. जिची तिची खूण वेगळी, लुगडं मात्र सगळ्यांचं नऊवारच.

दर पुरानंतर जमीन आखडत गेली. आम्ही पंचायतीत जाऊन दुसरी जागा मागितली, तर तिथले लोक हसले. "नदी का लुगड्यानं मोजतेत, बाई?" मग तुम्ही कशानं मोजता, असं मी विचारलं. जागा काही त्यांनी दिली नाही.

एका वर्षी शेजारीण काठावर आणि सासू बुंध्याशी उभी होती. सासू म्हणाली, "पाय ना, अजून लय गंज जागा हाये." पण लुगडं मधे झोळीसारखं लोंबत होतं. जागा जास्त दिसावी म्हणून त्या माझ्यासाठी ढिलं धरत होत्या. मी शेजारणीच्या हातातलं टोक घेऊन ताणलं, तर अर्धा पदर काठाखाली लोंबला. मला दोघींचा संताप आला. रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या हातात कुदळ दिली. म्हटलं, "पानी यायच्या आंदी त्याले काढून वर नेऊ." तो बाभळीपर्यंत आला आणि कुदळ टाकून खाली बसला.

"तो इथं नाही."

"मंग कुठी?"

त्यानं नदीकडं हात केला. "बुंध्यापाशी मुळ्याच मुळ्या. कुदळ चालेना. मंग तिकडं सरकलो, पार काठाकडं. पयल्याच पुरात गेली ते जागा."

"मले सांगतलं कावून नाही?"

"तू मोजून राहिली होती," तो म्हणाला. "कसं सांगू?"

एवढी वर्षं मी एका झाडाची राखण करत होते. नवऱ्याचा राग आला, तो आज म्हातारपणीही पुरता गेलेला नाही. त्याचंही लेकरू होतं हे मला कळतं, तरीही. त्या दिवशी मी काठ उतरून पाण्याशी बराच वेळ उभी राहिले. मग घागर भरली. आमच्याकडच्या विहिरी खाऱ्या, घरात प्यायला नदीशिवाय दुसरं पाणी नव्हतं.