करदोड्यातलं चिनी नाणं

दादाच्या कमरेत जन्मभर एक चिनी नाणं होतं. आमच्या घरी लहान पोरांच्या करदोड्यात भोकाचा पैसा बांधायचे. दादा तान्हा असताना निमोनियाने जायला आला, तेव्हा घरात तसा पैसा सापडेना. वडील रेल्वेत होते. कलकत्त्याच्या एका चिनी जोडेवाल्याने त्यांना गंमत म्हणून दिलेलं चौकोनी भोकाचं नाणं आईने ओवलं. दादा वाचला, आणि नाणं कायमचं कमरेत राहिलं.

मला जुन्या नाण्यांचा नाद. बँकेतल्या नोकरीपेक्षा जास्त जीव मी त्यात घातला. त्या नाण्यावर काय लिहिलंय ते बघायला मी कितीदा मागितलं, पण दादा हात लावू देत नसे. "मी मेल्यावर पाह्यजो," म्हणायचा.

सिलतऱ्याच्या कारखान्यात धूर खाऊन निवृत्तीला आलेला हा माणूस पोटाच्या ऑपरेशनला मात्र लेकरासारखा घाबरला. नर्स म्हणाली, "भैया, ये निकालना पड़ेगा." मीच करदोडा कापला. दादाने माझं मनगट धरलं. "ऑपरेशन झालं का लगेच बांधजो. विसरजो नको." मी हो म्हटलं.

तात्यापाऱ्यातल्या घरी येऊन नाणं पाहतो तर अक्षरांत घाम, साबण आणि पावडर दगडासारखी बसलेली. खरवडलं असतं तर अक्षरं गेली असती. असा मळ तेलात दोन दिवस भिजवावा लागतो. मी वाटीत खोबरेल ओतलं.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत दादाचा पहिला प्रश्न, "आणलं का?"

"घरी राहिलं. उद्या आणतो."

त्याचा हात चादरीखाली कमरेशी चाचपत होता. मला ते दिसलं, आणि तरी मी घरी येऊन तेल बदललं. इतका मी नालायक.

तिसऱ्या दिवशी भेटायची वेळ चार ते पाच होती. निघता निघता साडेतीनला मळ सुटला. एकदा बघून घेऊ म्हणून भिंग आणि नाण्यांचं पुस्तक घेऊन बसलो. चार अक्षरं आधी वर, मग खाली, मग उजवीकडे, मग डावीकडे अशी वाचायची. नव्या आरंभाचं चलतं धन, असा काहीसा अर्थ. मागे बारीक चंद्रकोर. नाण्याच्या मेणाच्या नमुन्यावर तिथल्या राणीचं नख लागलं आणि ती खूण तशीच ओतली गेली, अशी दंतकथा आहे. हजार वर्षांहून जुनं नाणं! मी हरखून गेलो. घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वापाच झाले होते. सहाला दवाखान्यातून फोन आला.

नाण्याने तो वाचला असता असं मी मानत नाही. पण तो घाबरलेला होता, आणि त्याची भीती माझ्या वाटीत पडून होती.

आमच्यात सरणावर ठेवण्याआधी करदोडा तोडतात. काकांनी कमर चाचपली. "काहून, याच्या कमरेत काहीच नाही?" दवाखान्यात काढला, एवढंच मी सांगितलं.

घरी आलो तर आई दारातच बसलेली. "ऑपरेशन झाल्यावर बांधलं होतं ना रे त्याले?"

"हव, बांधलं होतं."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू होता म्हणून. नाहीतर लय घाबरला असता माझा पोट्टा."