दार लावून दाखवायची फिल्म

मायचं अंग बाहेर यायचं. जड ओझी उचलणाऱ्या बायांची गर्भपिशवी खाली उतरते, हे मी नर्सिंगला शिकले. पण माझी स्वतःची माय वैजापूरकडच्या शेतांत फडकं बांधून कांद्याच्या गोण्या उचलते आहे, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. ऑपरेशन झालं, ती शहरात पुंडलिकनगरला माझ्याकडं राहून बरी झाली. मग तिलाच वाटू लागलं की आपण बोललं पाहिजे, बाकीच्याही बाया अशाच कुढत असतील.

शेजारी राहणारी माझी मैत्रीण डॉक्टर. रोज येऊन मायच्या हातची भाकरी खायची, तिला मावशी म्हणायची. या दुखण्यावर फिल्म करायचं तिनंच काढलं. मायनं एकच अट घातली.

"बायांनाच दाखवशील ना? दीर नाय, जावई नाय, एकबी बाप्या नाय."

"मावशी, शब्द देते."

पुढं बरेच महिने तो शब्द पाळला गेला. गावोगावी विहारात नाहीतर अंगणवाडीत बाया जमायच्या. पुरुषांना बाहेर काढायचं, दार लावायचं, खिडक्यांवर लुगडी टाकायची, मग फिल्म. पडद्यावर माय सगळं सांगायची, फडकं कसं बांधायची तेसुद्धा. फिल्म संपली की एखादी बाई मागं रेंगाळायची, आणि मी तिला दवाखान्यात घेऊन जायची. इतकं चांगलं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

मग फिल्मला पुरस्कार मिळाला, आरोग्यशिक्षणाच्या उत्तम फिल्मांना देतात तो. मैत्रिणीचा फोन आला, "मावशींचा सत्कार आहे, घरच्या सगळ्यांना आण."

"फिल्म दाखवणार का?" मी मुद्दाम विचारलं.

"नाही गं, नुसतं कौतुक."

कौतुक म्हटल्यावर काका गावाहून इस्त्रीचा सदरा घालून आले. माझ्या नवऱ्यानं वाळूजच्या कंपनीत रजा टाकली. माय पांढरी कोरी साडी नेसून आमच्या मधोमध बसली.

दिवे गेले आणि भिंतीएवढ्या पडद्यावर माय आली. जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी माझी माय, फडकं कुठं आणि कसं बांधायची ते सगळ्या हॉलला सांगत होती. माझा नवरा बुटांकडं बघत राहिला. काका उठून बाहेर गेले. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या मऊ खुर्चीत कळलं. मैत्रीण पहिल्या रांगेत होती, पण तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

नंतर मायला स्टेजवर नेलं. शाल झाली, फुलं झाली, हातात माइक दिला. ती मैत्रिणीकडं वळली.

"तुमी शब्द दिला व्हता. बायांनाच दाखवीन म्हनल्या व्हत्या."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. शिकल्यासवरल्या माणसांना मायचं बोलणं कळलं नाही, की कळूनही टाळ्याच सुचल्या, कोण जाणे.

बाहेर मैत्रीण माझा हात धरून म्हणाली, "अगं, आयोजकांनी आग्रह धरला. आणि बघ ना, किती मोठ्या लोकांपर्यंत पोचली!"

"मोठ्या लोकांचं अंग बाहेर येतं का?" मी हात सोडवून घेतला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ती मला आठवते, खोटं कशाला बोलू. आठवली की संतापच येतो.

रिक्षात मायनं विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"नाय गं माय. तुझी आण, नाय."

तिनं नुसती मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी गावाला निघून गेली.

आता फोनवर तब्येत विचारली की "बरी हाय" एवढंच म्हणते. मध्यंतरी तिच्या छातीत दुखत होतं, ते मला काकूकडून कळलं. मी फोन करून चिडले. पोटच्या पोरीला सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं?

माय शांतपणे म्हणाली, "तुमा दवाखान्याच्या मानसांना काय सांगावं, बाई. कुठं जाऊन दाखवाल."