चमच्यावरची बाई

रिहे गावच्या फार्महाऊसवर चांदीचे जुने विलायती चमचे पुसायला एक काका महिन्यातून एकदा येत. प्रत्येक दांड्यावर द्राक्षवेलीत कोरलेला बाईचा चेहरा होता. पुसताना काका त्याच्याशी बोलत, "जरा मान वळीव. व्हय, झालंच."

मी हिंगोलीची, सातवीत शाळा सुटलेली, इथे स्वयंपाकाला नवीन. एका सकाळी एक चमचा मी राखेने लख्ख घासला आणि खाचांतला काळेपणा जाऊन त्या बाईचे डोळेच पुसले गेले. संध्याकाळी मालकीणबाई येणार होत्या. काम गेलं असतं तर राहती खोलीही गेली असती.

काकांचा येण्याचा दिवस तोच होता; त्यांनी चमचा निरखला. "आंधळी केलीस की गं तिला." त्यांनी उकडलेलं अंडं फोडून चमच्याबरोबर डब्यात बंद केलं. अंड्याच्या वाफेने दुपारपर्यंत चमचा काळा पडला. तो माझ्यासमोर धरून त्यांनी वरवरचं काळं पुसलं, तसे खाचांतून डोळे परत आले.

मालकीणबाईंना काहीच कळलं नाही. मी काकांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागे सरकले.

"माज्या नगं, तिच्या पड. डोळं उघडल्यावर तिनं पयलं तुलाच बघितलंया."

मी तिच्या पाया पडले.