न केलेल्या उमऱ्याचं टक्कल

सौदीतल्या हफ्र अल बातिनपासून तासाभरावर, कुणीतरी वाळूत ठेवून विसरून गेल्यासारखं एक गाव होतं. तिथल्या पाण्याच्या पंपांवर मी इंजिनिअर होतो. गाव मला पाणीवाला म्हणून ओळखायचं. माझं नाव कुणालाच येत नव्हतं.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा कफील, म्हणजे मला कामावर आणणारा जामीनदार मालक, लग्नासाठी तबूकला गेलेला. त्याच्या सहीशिवाय मला देश सोडता येत नव्हता. तो परतेपर्यंत तिकडे घरी धाकट्या भावानं अग्नी देऊन झाला होता. मग मी गेलोच नाही. थोरला मुलगा म्हणे!

दहाव्या दिवशी निदान केस तरी काढावेत म्हणून न्हाव्याकडे गेलो. आरशात बघतो तर सोललेला बटाटा. परतताना बेकरीत खुबूस, म्हणजे तिथल्या रोट्या, घ्यायला गेलो तर बेकरीवाला धावत आला, "मबरूक! मबरूक!" मक्केला उमरा करून येणारे पुरुष डोकं भादरून येतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं मिठी मारली, एक खुबूस जास्त घातला आणि मक्केतल्या पवित्र विहिरीच्या पाण्याबद्दल विचारलं, "जमजमचं पाणी आणलंस ना?"

खरं सांगायला हवं होतं. पण इतका थकलो होतो की तोंडातून निघालं, "खलास."

संध्याकाळपर्यंत किराणावाला, टँकरचा ड्रायव्हर, शाळेचा शिपाई, सगळ्यांनी अभिनंदन केलं.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," घरी बायको म्हणाली.

"कुणाकुणाला सांगू? आणि आता तर जमजमही संपवून बसलोय."

तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे मेंढ्या पाळणारे आजोबा, हातात कहव्याचा, अरबी कॉफीचा, थर्मास. मी हिंदू आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या डोक्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, कोण गेलं?

"बाबा."

ते बसले. बाबा कसे होते, म्हणाले. दहा दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. माझं अरबी सगळं पंपावरचं: चालू, बंद, गळतंय, उद्या बघू. बाबांसाठी त्यातलं काही चालेना. बराच वेळ शोधून म्हटलं, "कवैस." चांगले.

"कवैस," आजोबांनी मान हलवली आणि माझा कप भरला.

सकाळी बेकरीवाल्यानं मबरूक म्हटलं नाही; आजोबांकडून कळलं असावं. खाली बघत खुबूस कागदात गुंडाळून दिले. घरी येऊन मोजले, तर आजही एक जास्त होता.