पप्पांचा व्हॉल्व्ह म्हणे ठणठणीत

माझ्या फेक कॉलला फसलेल्या सगळ्यांनो, आज मीच फसलो.

पप्पांना सरकारी हॉस्पिटलमध्ये छाती न उघडता, मांडीतून नळी घालून हृदयाचा नवा व्हॉल्व्ह बसवलाय. तिथे ही पद्धत नवीनच, म्हणून दर आठवड्याला सिस्टर चौकशी करतात. फोन माझ्या मोबाईलवर येतो, स्पीकरवर. आई समोरच. पप्पांचं उत्तर ठरलेलं, "ठणठणीत. तुम्ही कशा आहात?"

आज दुपारी खडकी स्टेशनवर मित्राच्या फोनवरून पप्पांच्या मोबाईलवर कॉल लावून मी सिस्टरचा आवाज काढला. "काका, दम लागतो का हो?"

पप्पा हळूच म्हणाले, "आत्ता घरात कोणी नाही म्हणून सांगतो. जिना चढलो की अंधारी येते. काल बाथरूममध्ये पडलो. पोराला कळवू नका, वरवर टवाळ आहे, पण घाबरतो."

मित्र हसत होता. मी त्याला हातानेच थांबवलं. त्याच आवाजात कसंबसं बोललो, "काका, बसून राहा. मुलगा येतोय तुमचा."

खऱ्या सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, लगेच घेऊन या.

पप्पा आत आहेत. डॉक्टर दोनदा आत-बाहेर करून गेले, माझ्याशी बोलले नाहीत.

तुमच्या घरचे 'ठणठणीत' म्हणतात, तेव्हा समोर कोण बसलेलं असतं?