गोलाच्या खांबाशी बसलेला पायगुण

हिंगोलीच्या हॉकी संघात एक गोलकीपर होता, त्याच्यामुळे मी माझ्या बहिणीच्या लग्नाला पोचलो. हे आधीच लिहून ठेवतो. बाकीचं सांगायला लागलो की माणूस गोष्टीत रमतो, आणि ज्याच्यासाठी सांगायचं तोच मागे राहतो. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. तहसील कचेरीत शिपाई होता, वयाने माझ्याहून बराच मोठा. मी त्याला दादा म्हणायचो.

मी मालवणकडचा, कोळ्याचा मुलगा. सहावीत शाळा सुटली, ती परत काही धरली नाही. बापाबरोबर होडीत जायचं, तर मला पाण्याची भीती. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत फळी धरून बसायचो. शेवटी ओळखीच्या एका मेस्त्रींनी मला हिंगोलीला कापसाच्या जिनिंगमध्ये लावून दिलं. यंत्रांना तेल घालायचं, पट्ट्यांवर नजर ठेवायची. समुद्र नाही याचं बरं वाटायचं, पण दुसरंही काही ओळखीचं नव्हतं. कुणी 'काहून रे?' असं विचारलं की मी हातातलं काम सोडून उभा राहायचो. वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. त्याचा अर्थ नुसता 'का रे' असा आहे, हे कळायला बरेच दिवस गेले.

सत्तरनंतरची वर्षं होती. थंडी पडली की गावात हॉकीच्या स्पर्धा व्हायच्या. मैदान मुरमाचं, पडलं की गुडघा सोलून निघायचा. आमच्या जिनिंगचे मॅनेजरसाहेब संघाचे आश्रयदाते, म्हणून सामन्याच्या दिवशी आम्हा कामगारांना लवकर सुट्टी आणि बसायला सरकीची पोती. गोलकीपरच्या पायांवरच्या पॅडमध्येसुद्धा आमच्याच जिनिंगचा कापूस भरलेला. गोलाची जाळी मात्र फाटकी होती. चेंडू आत गेला की भोकातून बाहेर निघायचा आणि मग गोल झाला की नाही यावर अर्धा तास भांडण. मी म्हणालो, जाळी मी विणून देतो. आमच्या घरी बायामाणसं गप्पा मारत जाळी विणतात, त्यात काही विशेष नाही.

विणली. पहिल्याच सामन्यात एक गाठ सैल वाटली म्हणून मी आमच्या गोलाच्या डाव्या खांबाशी उकिडवा बसून राहिलो. त्या दिवशी आमचा संघ जिंकला. वर्षानुवर्षं पहिल्याच फेरीत बाहेर पडणारा संघ. दुसऱ्या सामन्यालाही मी तिथेच होतो, दुसराही जिंकला. तेव्हा चौकातले पानवाले मामू, जे हलगी वाजवून सगळ्यांना ओरडायला लावायचे, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, याचा पायगुण चांगला आहे.

पायगुण नव्या सुनेचा बघतात. ती घरात आली आणि म्हैस व्याली, तर पायगुण तिचा. मला गावाने तसं करून टाकलं. पोरं मला 'सूनबाई' म्हणायला लागली. सामना असला की दोघंतिघं येऊन मला घेऊन जायचे आणि खांबाशी नेऊन बसवायचे. अंगात तोच निळा सदरा. एकदा लघवीला उठलो, तेवढ्यात आमच्यावर गोल झाला. त्यानंतर मध्यंतरात बाजू बदलताना सोडून सामना संपेपर्यंत उठायचं नाही असं ठरलं. चहा जागेवर यायचा, भजी जागेवर यायची.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. ज्या गावात माझं कुणी नव्हतं, तिथे लोक नाव घेऊन हाक मारायला लागले. कळमनुरीची माणसं ट्रक भरून यायची, आमची पोरं त्यांना विचारायची, आज बाजार न्हाई, कशाला आले? त्यावर तेही काहीबाही बोलायचे, मी खांबाशी बसून हसायचो. पण एक विचार कायम असायचा. हरलो तर?

आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. त्याच आठवड्यात बहिणीचं लग्न होतं. तिला मी एकटाच भाऊ. लग्नात नवऱ्यामुलाचा कान पिळायचा असतो, ते बायकोच्या भावाचं काम. भाऊ नसला तर कुणी चुलत-मावस उभा करतात, पण बहिणीने सांगून पाठवलं होतं की कान पिळायला तूच ये, नाहीतर दुसऱ्याच्या हातून मी त्याचा कान सोडवीन. रजा मिळालेली होती. दुपारी सामना, संध्याकाळची गाडी, पूर्णेला बदलायची, पुढे दोन दिवसांचा प्रवास. पिशवी मी मामूंच्या टपरीत ठेवून खांबाशी जाऊन बसलो.

सामना कळमनुरीशी. गोल होईना. चेंडू मुरमावर उसळत इकडून तिकडे, पोरांचे घसे बसले, आणि मला कळायला लागलं की बरोबरी झाली तर सामना उद्या पुन्हा खेळतील. शेवटी शेवटी मी मनात म्हणत होतो, कुणीही करा, पण गोल करा. दादा माझ्यापासून हातभर अंतरावर अंग टाकून चेंडू अडवत होता आणि मी हे म्हणत होतो.

शिट्टी झाली. बरोबरी. सामना उद्या.

मला उचलूनच घेतलं लोकांनी. मी सांगत होतो, माझी गाडी आहे, पण हलगीत कुणाला ऐकू जाणार. मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते प्रेमाने म्हणाले, अरे, बहिणीचंच लग्न ना, तुझं तर नाही? उद्या सामना होऊ दे, मग माझ्या जीपमधून पूर्णेला सोडतो. मी 'बरं' म्हणालो. उद्या निघालो तर लग्न लागून गेलेलं असणार, हे मला माहीत होतं, तरी म्हणालो. टपरीवर गेलो तर मामू म्हणाले, पिशवी उद्या मिळेल, बहूरानी. सगळे हसले. कुणी रागावलं असतं तर मीही रागावलो असतो. एवढं प्रेम करणाऱ्यांशी भांडायचं कसं, हे मला त्या वयात येत नव्हतं. अजून येत नाही.

परत येऊन जाळी सोडायला बसलो आणि गाठ दिसेना, डोळे भरून आले. दादा पॅड काढत होता.

"काहून रडून राहिला?"

मी सांगितलं. त्याने एक पॅड काढलेला, दुसरा पायावर तसाच. तसाच उठला आणि लंगडत टपरीकडे चालायला लागला. मी मागे. तिथे सगळे अजून होतेच, साहेबसुद्धा पान खात उभे. दादाने पिशवी मागितली. मामू म्हणाले, आणि उद्या गोल झाला तर?

"गोल म्या अडवतो, मामू. याचे पाय न्हाई अडवत." मग साहेबांकडे बघून, आवाज न चढवता, "लेकराला जाऊ द्या. उद्या हरलो तर मला बोला. याला न्हाई."

कचेरीतल्या शिपायाने साहेबांना असं बोललेलं तिथे कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांनी मान फिरवली. मामूंनी पिशवी दिली आणि वर दोन पानं बांधून दिली. ते माणूस वाईट नव्हते.

दादाने मला सायकलवर स्टेशनला आणलं. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाला, "जावयाचा कान जोरात पीळ."

मी पोचलो. कान पिळला. बहीण तोंडावर पदर घेऊन हसत होती.

परत आलो तेव्हा कळलं, आम्ही एका गोलाने हरलो होतो. चेंडू डाव्या खांबाला घासून आत गेला होता. मी तिथे असतो तरी काय केलं असतं, हातसुद्धा लावता आला नसता. हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. मला गावात कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले ते दादाला, त्याच्याच शब्दाला धरून. पुढच्या हिवाळ्यात गोलात दुसरं पोरगं उभं केलं. दादा लोकांत, पोत्यावर बसून सामना बघायचा, आणि मी खांबाशी बसायचं सोडलं होतं, म्हणून त्याच्या शेजारी. दोघंही त्यावर कधी बोललो नाही. मला तोंड उघडता आलं नाही आणि त्याने उघडलं नाही. हंगाम संपला, जिनिंगमधलं काम सुटलं, मी पुढे दुसऱ्या गावाला गेलो.

दादा, एक दिवस थंडीत, स्पर्धा चालू असताना मी हिंगोलीला येईन. मैदानात सगळे जमलेले असतील तेव्हा उभा राहून मोठ्याने सांगेन की त्या दिवशी चुकलं असेल तर ते तुमचं नव्हतं. माझा आवाज फार जात नाही, पण हलगी थांबवायला लावीन आणि सांगेन.